बर्नाबेऊच्या खतावणीत नावेची बाजूही मांडा

दि. 14 एप्रिल 2025

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

काल रविवारच्या क्रीडा पानावर आपण रिअल माद्रिद आणि आर्सेनल यांच्यातील चॅम्पियन्स लीगच्या परतीच्या लढतीचा पूर्वरंग दिलात. पाऊण पान मजकूर होता. त्यात ‘चमत्कार’ हा शब्द सहा वेळा आणि ‘जादुई रात्र’ चार वेळा आली. मी मुद्दाम मोजले. चौतीस वर्षे लेखापरीक्षणात काढली, निवृत्त होऊनही मोजायची खोड सुटत नाही.

आधी एक किरकोळ आक्षेप. सामना ‘बुधवारी मध्यरात्री साडेबाराला’ असे आपण छापले आहे. माद्रिदमध्ये तेव्हा 16 तारखेचे रात्रीचे नऊ वाजलेले असतील, आपल्याकडे मात्र 17 तारीख लागून अर्धा तास झालेला असेल आणि वार असेल गुरुवार. अशाच शब्दांवर विसंबून मी मागे एकदा आदल्या रात्रीच टीव्हीसमोर जाऊन बसले होते. पाऊण तास भलताच सामना पाहिला आणि चुकीचा संघ पिवळ्या कपड्यांत का आला आहे याचे कोडे सोडवत राहिले. तेव्हा कृपया तारीख लिहावी, आणि रात्र कोणत्या दोन वारांमधली तेही.

आता मुख्य गोष्ट. आपल्या लेखाचा सूर असा की आर्सेनलने लंडनमधल्या पहिल्या लढतीत 3-0 विजय मिळवला खरा (दोन लढतींच्या गोलांची बेरीज करून विजेता ठरतो), पण बर्नाबेऊवर, म्हणजे रिअलच्या घरच्या मैदानावर, काहीही घडू शकते. तिथे पूर्वीही घडले आहे. पुराव्यादाखल 2022 च्या तीन रात्री आणि 2024 ची एक रात्र दिली आहे. त्या चारही मी जागून पाहिल्या आहेत. परंतु ज्या खतावणीत फक्त जमेच्या नोंदी असतात आणि नावेचे, म्हणजे तोट्याचे, पान कोरे असते, त्या खतावणीवर आमच्या खात्यात कुणी सही करत नसे.

त्या चार रात्रींची पडताळणी करू. मार्च 2022 मध्ये पॅरिस सेंट जर्मेनविरुद्ध रिअल दोन गोलांनी मागे होते आणि बेन्झेमाने सतरा मिनिटांत तीन गोल केले. मॅंचेस्टर सिटीविरुद्ध नव्वदावे मिनिट सुरू होताना एकूण हिशेब 5-3 होता, तिथेही तूट दोनची. मे 2024 मध्ये बायर्नविरुद्ध एकाची तूट होती आणि ती बदली खेळाडू होसेलूने 88 व्या मिनिटाला व नंतर भरपाई वेळेत भरून काढली. राहिली चेल्सीची रात्र. त्या रात्री रिअल माद्रिद आपल्याच मैदानावर 2-3 हरले होते! पहिल्या लढतीत लंडनमध्ये 3-1 जिंकल्यामुळे ते 5-4 ने पुढे गेले. हरलेला सामना चमत्कारांच्या यादीत जमा धरायला माझी हरकत नाही, मॉड्रिचने पायाच्या बाहेरच्या बाजूने रॉड्रिगोला दिलेला तो पास पाहिल्यावर कोण हरकत घेईल? पण या चार रात्रींपैकी एकीतही तूट तीन गोलांची नव्हती. एक-दोन गोलांचे कर्ज शेवटच्या दहा मिनिटांत फिटू शकते. तिनाचे गणित वेगळे असते.

तीन किंवा अधिक गोलांची पिछाडी घेऊन रिअल बर्नाबेऊवर परतले, अशा माझ्या वहीत पाच नोंदी आहेत. तीन जमेच्या. 1975 मध्ये युरोपियन कपमध्ये डर्बी काउंटीकडून 4-1 हरल्यावर रिअलने जादा वेळेत 5-1 असा सामना काढला. डिसेंबर 1984 मध्ये यूएफा कपमध्ये अँडरलेख्टचे 3-0 चे देणे 6-1 ने फेडले, त्यात बुत्रागेन्योचे तीन गोल. त्यानंतर बरोबर वर्षाने बोरुसिया म्योन्शनग्लाडबाखने 5-1 असे झोडपले होते, तेव्हा 4-0. दोन गोल वाल्दानोचे, दोन सान्तियानाचे, आणि शेवटचा अगदी सामना संपता संपता. या लढतीत एकूण बेरीज 5-5 झाली होती आणि परक्या मैदानावरच्या एका गोलाने रिअल तरले. या मुद्द्याकडे पुढे येतेच.

नावेच्या बाजूला दोन. 2013 च्या उपांत्य फेरीत डॉर्टमुंडच्या लेवांडोव्हस्कीने एकट्याने चार गोल मारले, 4-1. परतीच्या लढतीत रिअल 2-0 जिंकले आणि स्पर्धेबाहेर गेले. दुसरी नोंद 1987 ची, युरोपियन कपच्या उपांत्य फेरीतली. म्युनिकमध्ये बायर्नने 4-1 हरवले. माद्रिदमध्ये रिअलला एकच गोल करता आला. ही नोंद कुणी काढत नाही, कारण तिच्यात रिअलचा लाडका खेळाडू हुआनितो आहे.

हुआनितोविषयी आपल्या लेखात दोन ओळी होत्या, त्या चांगल्या होत्या. बर्नाबेऊवरची नव्वद मिनिटे फार लांब असतात, हे मोडक्यातोडक्या इटालियनमध्ये इंटरच्या खेळाडूंना सुनावलेले वाक्य त्याच्याच नावावर सांगितले जाते. एप्रिल 1992 मध्ये रिअलचा सामना पाहून परतताना तो मोटार अपघातात गेला. तेव्हापासून प्रत्येक सामन्याच्या सातव्या मिनिटाला, त्याच्या पाठीवरच्या आकड्याची आठवण म्हणून, प्रेक्षक त्याच्या नावाने गातात. हे सगळे खरे. पण म्युनिकमधल्या त्या पहिल्या लढतीत खाली पडलेल्या बायर्नच्या मॅथेउसच्या डोक्यावर बुटासह पाय देऊन मैदानाबाहेर गेलेला हुआनितोही तोच. यूएफाने त्याला पाच वर्षे बंदी घातली. आणि त्या वेळी नव्वद मिनिटे लांब ठरली नाहीत. माणूस जसा होता तसा मांडला तर त्याची आब कमी होत नाही, असे मला वाटते. गाणे तर त्याला अजून मिळतेच.

ते सातवे मिनिट आपल्या लेखकाने शोभेसाठी वापरले आहे. माझ्या वहीत ते वेगळ्याच कारणाने आहे.

1992 साली युरोपियन कप या स्पर्धेचे नाव चॅम्पियन्स लीग झाले. तेव्हापासून बाद फेरीत पहिल्या लढतीतली तीन किंवा अधिक गोलांची पिछाडी फक्त चार संघांनी भरून काढली आहे. 2004 मध्ये देपोर्तिवो ला कोरुन्याने मिलानविरुद्ध, 2017 मध्ये बार्सिलोनाने पॅरिसविरुद्ध, 2018 मध्ये रोमाने बार्सिलोनाविरुद्ध आणि 2019 मध्ये लिव्हरपूलने, पुन्हा बार्सिलोनाविरुद्धच. चौघेही परतीची लढत घरच्या मैदानावर खेळत होते. आता पहिला गोल कधी झाला ते पाहा. पांदियानी पाचव्या मिनिटाला. सुआरेझ तिसऱ्या. जेको सहाव्या. ओरिगी सातव्या.

चौघांचाही पहिला गोल हुआनितोचे गाणे संपायच्या आत!

मी हे पहिल्यांदा ओळीने मांडले तेव्हा पहाटेचे तीन वाजले होते आणि सांगायला घरात कुणी जागे नव्हते. सकाळी नातवाला दाखवले. तो आर्सेनलवाला. त्याने मोबाइलमधून मान वर न काढता विचारले, “आजी, आणि 2012?” पोरगे बरोबर होते. 2012 मध्ये आर्सेनल मिलानकडून 4-0 हरले होते. परतीच्या लढतीत लंडनमध्ये कोसिएल्नीने सातव्याच मिनिटाला गोल केला, मध्यंतराला फलक 3-0 दाखवत होता, आणि दुसऱ्या अर्धात व्हॅन पर्सीने गोलरक्षकावरून उचललेला चेंडू आबियातीच्या हातात गेला. चौथा गोल आलाच नाही. पहिली पंचेचाळीस मिनिटे उधारीवर धावलेल्या पायांनी पुढच्या पंचेचाळिसांत हात वर केले, म्हणजे पायांना हात असते तर. तेव्हा लवकर गोल झाला म्हणजे काम झाले असे नाही. इतकेच खरे की तीन गोलांच्या पिछाडीत पहिला गोल 83 व्या मिनिटाला आला, जसा 2013 मध्ये डॉर्टमुंडविरुद्ध आला, तर पुढच्या सात मिनिटांत स्टेडियम कितीही ओरडले तरी हिशेब जुळत नाही.

पूर्वरंगात हे एवढे एक वाक्य असते, तर वाचक गुरुवारी पहाटे घड्याळाकडे डोळे लावून बसला असता.

दुसरी राहिलेली गोष्ट परक्या मैदानावरच्या गोलाची. बेरीज समान झाली तर परक्या मैदानावर जास्त गोल करणारा संघ पुढे जायचा; हा नियम 2021-22 च्या हंगामापासून रद्द झाला आहे. आपल्या लेखात आर्सेनलचा एक गोल ‘दुप्पट किमतीचा’ ठरेल असे म्हटले आहे. तो नियम गेल्याला आता चार हंगाम होत आले. आज परिस्थिती अशी : रिअल 3-0 जिंकले तर जादा वेळ. आर्सेनलने एक गोल केला तर जादा वेळेसाठी रिअलला चार हवेत. जुन्या नियमात चारही पुरले नसते, पाच लागले असते. हा नियम उठण्याचा फायदा यंदा रिअलला आहे. गंमत अशी की, त्या नियमाने सर्वांत जास्त पोळलेल्यांत आर्सेनलच आहे. 2013 मध्ये बायर्नविरुद्ध आणि 2015 मध्ये मोनाकोविरुद्ध दोन्ही वेळा लंडनमध्ये 1-3, परक्या गावात 2-0, बेरीज 3-3, आणि दोन्ही वेळा बाहेर. म्हणजे हे लोक हरले तेव्हा नियम होता, आणि जिंकायच्या बेतात आहेत तेव्हा नाही. रोमाच्या 2018 च्या विजयातही बेरीज 4-4 होती, आज तो सामना जादा वेळेत गेला असता. जुने दाखले देताना जुने नियमही तपासायला हवेत.

आणि लंडनमध्ये 8 तारखेला काय घडले त्याबद्दल आपल्या लेखात तीनच ओळी! त्या सामन्यात डेक्लन राइसने दोन थेट फ्री किकवर गोल केले, 58 व्या आणि 70 व्या मिनिटाला. पहिला भिंतीच्या बाहेरून वळवून, दुसरा वरच्या कोपऱ्यात. व्यावसायिक कारकिर्दीत त्याआधी त्याने एकही थेट फ्री किक गोलात घातली नव्हती. कोर्तुआसारखा गोलरक्षक समोर असताना एकाच रात्री दोन. चमत्कार हा शब्द वापरायचाच असेल तर तो इथे वापरा, आणि तो लंडनमध्ये होऊन गेला आहे. तिसरा गोल मात्र कारागिरीचा : डावा बचावपटू लुइस-स्केली आत घुसला, त्याने चेंडू मागे दिला आणि मेरिनोने पहिल्याच स्पर्शात तो कोपऱ्यात ठेवला. मेरिनो मुळात मधल्या फळीतला. हावर्ट्झ आणि जेझुस दोघेही जखमी म्हणून तो आघाडीवर उभा आहे. या मुलाच्या, म्हणजे लुइस-स्केलीच्या, वयाची एक नोंद देते. फेब्रुवारी 2006 मध्ये ऑन्रीने बर्नाबेऊवर एकट्याने धाव घेऊन गोल केला आणि आर्सेनल तिथे जिंकणारा पहिला इंग्लिश क्लब ठरला, तेव्हा या पोराचा जन्म व्हायला सात महिने होते.

माद्रिदची अडचण वेगळीच आहे आणि ती मला जास्त मोठी वाटते. त्या सगळ्या गाजलेल्या रात्रींमध्ये गोलासमोर ठाण मांडून उभा राहणारा एक जण असायचा. सान्तियाना, बेन्झेमा, अगदी होसेलूसुद्धा. लोक उंच चेंडू टाकत राहायचे आणि गर्दीतून एक डोके किंवा एक पाय पुढे यायचा. होसेलू गेल्या उन्हाळ्यात क्लब सोडून गेला. लांबून अचूक चेंडू देणारा क्रूस निवृत्त झाला. राहिले एम्बापे, व्हिनिशियस, रॉड्रिगो. यांना मोकळी जागा दिली तर ते वाऱ्यासारखे जातात. पण तीन गोलांनी पुढे असलेला संघ मोकळी जागा कशाला देईल? आर्सेनलचे प्रशिक्षक आर्तेता यांचे बचावपटूंचे दोन थर स्वतःच्या गोलासमोर गोळा होतील, मग व्हिनिशियसला वाऱ्यासारखे जायला अंगण उरणार नाही. काल अलावेसविरुद्ध एम्बापेला लाल कार्ड मिळाले, ते लीगमधले असल्याने या सामन्याला लागू नाही. त्याच्या मनःस्थितीचा अंदाज मात्र देऊन गेले. त्या सामन्यातला एकमेव गोल कामाव्हिंगाचा, आणि तोच या लढतीला मुकणार आहे. लंडनमध्ये तीन गोल खाऊन झाल्यावर, भरपाई वेळेत, शिट्टी वाजल्यानंतर चेंडू लाथाडून दुसरे पिवळे कार्ड घेतले त्याने. माझ्या जुन्या साहेबांच्या भाषेत याला ‘टाळता येण्याजोगा खर्च’ म्हणत. चुआमेनी परत येतोय, ही जमेची बाजू. कार्वाहाल आणि मिलिताओ तर हंगामभर गुडघ्याच्या दुखापतीने बाहेर; उजव्या बाजूला व्हाल्व्हेर्देला बचावात उभे करावे लागले, म्हणजे मधली फळी तेवढी हलकी झाली.

आर्सेनलचीही एक दुखरी जागा आहे, तीही लेखात नव्हती. बचावपटू गॅब्रिएल जखमी झाल्यापासून सालिबाच्या शेजारी किव्हिओर खेळतो. पहिल्या लढतीत तो नीट खेळला. पण ऐंशी हजारांच्या आसपास माणसे अंगावर ओरडत असताना पहिल्या दहा मिनिटांत एक पास चुकला की माणूस दुसरा पास देताना विचार करू लागतो, आणि तिथून सगळे सुरू होते. सातव्या मिनिटाबद्दल मी एवढे लिहिले ते यासाठीच. कर्णधार ओडेगार्डला हे मैदान माहीत आहे. सोळाव्या वर्षी तो इथे रिअलकडे आला होता, नीट संधी न मिळता गेला. शेजारच्यांना चेंडू धरून ठेवायला लावणे हे त्याचे काम असेल. आर्सेनलने पहिली पंधरा मिनिटे कंटाळवाणी केली, चेंडू टचबाहेर, गोलकिक सावकाश, कुणी बूट बांधतोय, तर समजावे की त्यांनी वही वाचली आहे.

माझ्यावर आर्सेनलधार्जिणी असल्याचा आरोप घरात होतोच, म्हणून सांगते : मी कुणाचीच नाही. महिन्यापूर्वी अ‍ॅटलेटिकोविरुद्ध शूटआउटमध्ये हुलियन आल्वारेझची पेनल्टी, घसरताना चेंडू त्याच्या दुसऱ्या पायाला लागला म्हणून रद्द झाली आणि रिअल पुढे आले, तेव्हाही नियम नियम आहे असेच मी म्हटले होते. रिअलने पंधरा वेळा ही स्पर्धा जिंकली आहे, आर्सेनलने एकदाही नाही. ही नोंद कुणी पुसू शकत नाही. पण ती या गुरुवारच्या फलकावर एक गोलही चढवणार नाही. रिअलचे प्रशिक्षक आन्चेलोत्ती हे जाणतात, म्हणून त्यांचा चेहरा कधी हलत नाही; फक्त भुवई हलते.

माझा अंदाज विचाराल तर रिअल 2-1 जिंकेल आणि आर्सेनल पुढे जाईल, उपांत्य फेरीत पॅरिस किंवा अ‍ॅस्टन व्हिलाशी खेळायला. चुकला तर मला पत्र पाठवून कळवण्याची गरज नाही. नातू समर्थ आहे.

दोन विनंत्या. हे पत्र छापायचे झाल्यास बुधवारच्या अंकात छापावे, नंतर त्याला किंमत नाही. आणि सामना संपेपर्यंत आपल्याकडे पहाटेचे अडीच वाजतील, त्यामुळे गुरुवारच्या अंकात निकाल येणार नाही हे मी धरून चालले आहे. शुक्रवारी मात्र निकालाखाली गोल करणाऱ्यांची नुसती नावे न देता प्रत्येक गोलाचे मिनिटही द्यावे. गेल्या वेळी आपण ते गाळले होते आणि माझ्या वहीत तो रकाना अजून पेन्सिलीने भरलेला आहे.

आपली,
एक निवृत्त लेखापरीक्षक